नाव परत मिळवणारी मुलगी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या मावशीला निवृत्तिवेतनाच्या कामासाठी एकदा स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि नोकरीच्या कागदांवर दुसरं. आडनाव तर लग्नानंतर बदललंच होतं, पण तिचं पाळण्यातलं नावही सासरी बदललेलं. टेबलामागच्या गृहस्थांना प्रश्न पडला, या दोन बायका कोण? मग कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसलेल्या टंकलेखकाने दोन मिनिटांत मजकूर बडवला : वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मी स्वतःच आहे. मावशीने सही केली. बाहेर आल्यावर म्हणाली, "अठ्ठावन्न वर्षांची झाले, पण मी मीच आहे हे आज पहिल्यांदा लिहून दिलं बघ."

आम्ही हसलो, उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो. गोष्ट तिथंच संपायची. पण त्यानंतर काही दिवसांनी माझ्या भाचीने एक इंग्रजी कादंबरी माझ्या हातात ठेवली. "आत्या, वाच. जादूगार आहेत, पण कंटाळा येणार नाही," असं तिचं शिफारसपत्र. मी जरा नाखुशीनेच पुस्तक उघडलं. पहिल्याच प्रकरणात एका सहा वर्षांच्या मुलीचं नाव समारंभपूर्वक काढून घेतलं जातं. मला मावशीचा स्टॅम्प पेपर आठवला आणि मी पुस्तक खाली ठेवलंच नाही.

श्रोतेहो, आज मी तुम्हाला या कादंबरीविषयी सांगणार आहे. तिचं नाव 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन', म्हणजे अटुआन नावाच्या बेटावरची थडगी. लेखिका अर्सुला ल ग्विन. पुस्तक १९७१ सालचं. दोनशे पानांच्या आतबाहेरचं, म्हणजे आजच्या जाडजूड मालिकांच्या मानाने अगदी सडपातळ.

ही तर मुलांची पुस्तकं!

अद्भुत कादंबरी म्हटलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. एक, ही मुलांची पुस्तकं. दोन, यात खरं काहीच नाही, मग वाचायचं कशाला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरातच आहे. श्रावणात कहाण्या ऐकताना आटपाट नगर नकाशात कुठे आहे, असं कुणी विचारत नाही. नावडत्या राणीचं दुःख मात्र ऐकणाऱ्या प्रत्येकीला कळतं. मराठी कादंबरीची सुरुवातही अशीच दोन वाटांनी झाली. १८५७ सालच्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मध्ये विधवांची खरीखुरी स्थिती आहे. चारच वर्षांनी, १८६१ साली आलेल्या हळबेशास्त्रींच्या 'मुक्तामाला'त अद्भुताची रेलचेल आहे. पुढे समीक्षकांनी पहिल्या वाटेला मान दिला आणि वाचकांनी दुसऱ्या वाटेवर कंदील लावून रात्री जागवल्या.

अद्भुत कथा खोटी असते ती तिच्या भूगोलात. माणसांच्या बाबतीत तिला खोटं बोलून चालत नाही. उलट, एक मोठी गोष्ट खोटी मानायला वाचक तयार झाला, की बाकी सगळं लेखकाला अधिकच काटेकोर सांभाळावं लागतं. माणूस मंत्र म्हणून दिवा लावतो हे आपण मान्य करतो. पण अंधारात वाढलेल्या मुलीने तो दिवा पाहून काय करावं, हे चुकलं तर पुस्तक मिटतं.

ल ग्विन यांनी अर्थसी नावाचा एक द्वीपसमूह कल्पिला. शेकडो बेटं, मधे समुद्र, होड्या, कोळी, गुराखी, आणि जादूगार. त्यातलं पहिलं पुस्तक १९६८ साली आलं. त्यात रोक नावाच्या बेटावर जादूगारांची एक शाळा आहे आणि गेड नावाचा एक गरीब, हुशार, गर्विष्ठ मुलगा तिथे शिकायला जातो. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक १९९७चं. म्हणजे ही शाळा त्याआधी जवळजवळ तीस वर्षं भरत होती!

या जगाचा पाया एका नियमावर आहे. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं आणि ज्याला खरं नाव कळतं त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून तिथली माणसं खरं नाव जपून ठेवतात. रोजच्या वापराला वेगळं नाव. गेडला लोक ससाण्याच्या नावाने हाक मारतात. गेड हे नाव फक्त जिवाभावाच्या माणसांना ठाऊक.

आपल्याला हे फार परकं वाटू नये. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आपल्या बायकांनी उखाण्याचा अख्खा खजिना उभा केला. आणि तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव? नाव बदललं की माणूस दुसऱ्याच्या घरचं होतं, ही समजूत अर्थसीतल्या जादूगारांइतकीच आपलीही आहे.

लेखिकेच्या घरातही नावाची एक गोष्ट होती. त्यांचा जन्म १९२९ सालचा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियात एक आदिवासी माणूस एकटाच जंगलातून गावात आला. त्याच्या याही जमातीतलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आसरा दिला. पण आपलं नाव आपण उच्चारायचं नाही, अशी त्याच्या लोकांची रीत. आणि ते नाव सांगायला त्याचं दुसरं माणूस जिवंत नव्हतं. मग क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'. १९१६ साली तो वारला आणि त्याचं खरं नाव त्याच्याबरोबर गेलं. १९६१ साली अर्सुलाबाईंच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, इशीवर पुस्तक लिहिलं आणि ते खूप वाचलं गेलं. अशा घरात वाढलेल्या मुलीने नावावर कादंबऱ्या लिहिल्या.

खाल्ली गेलेली

आता कथा. मी ती मावशीला दुपारच्या चहानंतर थोडी थोडी मराठीत सांगितली. मावशीला इंग्रजी कादंबऱ्या वाचायची सवय नाही, पण ऐकण्याचा दांडगा उत्साह. तिने मधे मधे जे विचारलं, तेही सांगते, कारण तिच्या प्रश्नांनी मला पुस्तक जास्त कळलं.

टेनार ही सफरचंदाच्या बागेजवळ राहणाऱ्या गरीब आईबापांची मुलगी. संध्याकाळी ती झाडांमधून पळते आहे, आई दारातून हाक मारते आहे. बाप मात्र कडवटपणे म्हणतो, की तिच्यात जीव गुंतवू नकोस, ती आता आपली नाही. का? तर अटुआनच्या थडग्यांची मुख्य पुजारीण ज्या रात्री मेली त्याच रात्री ही जन्मली. म्हणजे तीच पुन्हा जन्माला आली, असं ठरलं. पाच वर्षांची झाली की तिला घेऊन जाणार.

तिथे वाळवंटात नऊ काळे दगड उभे आहेत. ते कुणी उभे केले हे कुणालाच माहीत नाही. त्यांच्याखाली 'अनामिक' शक्ती आहेत, काळोखाच्या. सहाव्या वर्षी मुलीला मोडक्या घुमटाच्या सभागृहात रिकाम्या सिंहासनापुढे आणतात. तलवारीने मारण्याचा अभिनय होतो, मग काळी वस्त्रं अंगावर चढतात आणि तिचं नाव काढून घेतलं जातं. आता ती टेनार नाही. ती आर्हा. या शब्दाचा अर्थ 'खाल्ली गेलेली'.

मावशी म्हणाली, "अगं, ही तर देवाला सोडलेली पोर."

मला ते ऐकून थबकायला झालं. नेपाळमधली कुमारी, तिबेटमधले बालपणी ओळखले गेलेले लामा, अशी उदाहरणं माझ्या डोक्यात होती. मावशीला मात्र सरळ आपल्या सीमाभागातल्या मुली आठवल्या. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला आणि महाराष्ट्राला पुन्हा निर्मूलनाचा कायदा करावा लागला तो २००५ साली. एवढ्या वर्षांनी पुन्हा कायदा करावा लागतो, यावरूनच कळतं की नुसत्या कायद्याने मुलगी सुटत नाही. का सुटत नाही, याचं एक उत्तर या कादंबरीत आहे : जिला अर्पण केलं जातं तिला तो मान वाटतो. दुसरं काही ती पाहिलेलीच नसते.

आर्हाला मान आहे. ती सर्वांत श्रेष्ठ पुजारीण. तिला कुणी मारू शकत नाही, रागावू शकत नाही. तिच्याबरोबरची जाडगेली, हसरी पेंथे मात्र उघडच सांगते, की मला इथे यायचंच नव्हतं, मला साधं घर हवं होतं. पेंथेचा कशावर विश्वास नाही, तरी ती आनंदी. आर्हाचा सगळ्यावर विश्वास, आणि ती रुक्ष. तिची काळजी घेणारा मनान नावाचा वयस्क सेवक तिच्यावर मुलीसारखं प्रेम करतो. तिला शिकवणाऱ्या दोघी : थार ही कठोर पण न्यायी, आणि कॉसिल, जिची कशावरच श्रद्धा नाही, फक्त सत्तेवर आहे.

थडग्यांखाली एक चक्रव्यूह आहे. मैलोगणती बोगदे. तिथे दिवा न्यायला बंदी, कारण उजेड म्हणजे पाप. आर्हा तो चक्रव्यूह हातांनी शिकते. डावीकडची दोन वळणं सोडायची, तिसऱ्याला आत जायचं, भिंतीला बोटं लावून मोजत चालायचं. हे वाचताना आपलीही बोटं नकळत पुस्तकाच्या कडेवरून फिरायला लागतात. त्या अंधाराची तिला भीती नाही. तो तिचं राज्य आहे. जगात फक्त तिथेच ती कुणाच्या नजरेखाली नसते.

मग पुस्तकातली सर्वांत अवघड घटना येते. राजाने पाठवलेले तीन कैदी. त्यांना कसं मारायचं, हे तिने सांगायचं आहे. मुलगी अजून पुरती मोठीही झालेली नाही. घाबरते, पण कॉसिलसमोर दुबळं दिसायचं नाही, म्हणून हुकूम देते : त्यांना खाणंपिणं देऊ नका. अंधारात मरू द्या. आणि ते मरतात. त्यानंतर ती आजारी पडते, तिला वाईट वाईट स्वप्नं पडत राहतात.

इथे मी मावशीला म्हणाले, की ही आपली नायिका. मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाचव्या वर्षी आणली तिला. तिचा दोष किती?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "पण ती माणसं तर मेली ना."

मला वाटतं, या दोन वाक्यांच्या मधेच ही कादंबरी उभी आहे. जिच्यावर अन्याय झाला ती आपोआप चांगली होत नाही. कित्येकदा अन्याय पुढे चालवायचं कामही तिच्याकडेच येतं, आणि ते काम तिला अधिकार म्हणून दिलं जातं. आपल्या घरांमधल्या सासवासुनांच्या गोष्टी दुसरं काय सांगतात?

अंधारातला पहिला दिवा

आणि एक दिवस, जिथे कधीच उजेड नव्हता तिथे तिला उजेड दिसतो. गेड आलाय, आता तो तरुण पुरुष आहे. एका तुटलेल्या प्राचीन कड्याचा अर्धा भाग त्याच्याजवळ आहे, दुसरा अर्धा या थडग्यांच्या खजिन्यात. ते जोडलं तर बेटांमधली भांडणं मिटवणारं हरवलेलं चिन्ह पुरं होणार.

या ठिकाणी साधारण लेखकाने काय केलं असतं? वीर आला, राजकन्या सोडवली. ल ग्विन तसं करत नाहीत. मुलीला त्या क्षणी दिसतो तो पुरुष नव्हे. तिला पहिल्यांदा तिची गुहा दिसते. ज्या भिंती ती वर्षानुवर्षं बोटांनी चाचपत आली, त्या स्फटिकांनी लखलखत होत्या! इतकं सुंदर काहीतरी आपल्याच हाताखाली होतं आणि ते पाहायला मनाई होती. मग ती काय करते? लोखंडी दार बंद करून त्याला आत कोंडते. तेच बरोबर आहे. तिला तेच शिकवलंय.

पुढचे कित्येक दिवस ती त्याला झरोक्यांतून पाहते. तो तहानेने कोसळतो. त्याला मरू द्यायचं, की पाणी द्यायचं? तीन माणसांना जिने पाणी दिलं नव्हतं, ती या चौथ्याला पाणी नेऊन देते. कुणी सांगितलं म्हणून नाही. तिचा हा पहिला स्वतःचा निर्णय. तो लपवण्यासाठी ती खोटं बोलते, खोटी कबर खणायला लावते. आणि मग तिला दिसतं, की कॉसिल चक्क दिवा घेऊन त्या पवित्र अंधारात शिरली आहे आणि कबर उकरते आहे. आणि अनामिक शक्ती काहीच करत नाहीत! ज्यांच्या नावाने तिचं बालपण घेतलं, त्यांना त्याची पर्वाच नाही.

गेड तिला उपदेश करत नाही. तुझे देव खोटे, असं म्हणत नाही. तो म्हणतो ते असं, की त्या शक्ती आहेत, भयंकर आहेत, पण त्या पूजेच्या लायकीच्या नाहीत. आणि एकदा ती जायला निघाली असताना तो तिला तिच्या जुन्या नावाने हाक मारतो. टेनार. दुसऱ्या दिवशी ती जागी होते ती त्या नावासकट. मी टेनार, असं स्वतःलाच सांगत. मावशीने इथे टाळी वाजवली. "कुणाच्या सहीशिक्क्याशिवाय!" ती म्हणाली.

सुटका दोघांची मिळून होते, हे लक्षात घ्या. गेडची सगळी विद्या त्या काळोखाला थोपवून धरण्यात खर्च होते आहे. पाऊलही धड टाकवत नाही. रस्ता फक्त तिला ठाऊक. त्याच्याकडे उजेड, तिच्याकडे वाट. निघण्यापूर्वी तो तिला आपलं खरं नाव सांगतो, म्हणजे आपला जीव तिच्या हाती देतो. आणि या सुटकेची किंमत आहे. तिला जपणारा मनान त्या अंधारात खड्ड्यात पडून मरतो. तो वाईट नव्हता. तो फक्त जुन्या जगाचा होता.

थडगी कोसळतात. दोघं डोंगर ओलांडून समुद्राकडे जातात. इथे गोष्ट संपेल असं वाटतं, पण लेखिकेला अजून एक खरी गोष्ट सांगायची आहे. मोकळी झालेली मुलगी आनंदाने नाचत नाही. तिला काय खायचं, कुठं जायचं, कुणाशी कसं बोलायचं, काही माहीत नाही. एका क्षणी समुद्रकाठी हातात सुरी घेऊन ती गेडला मारायला निघते, कारण याच माणसाने तिचं सगळं जग काढून घेतलं. मग ती रडते, वाया गेलेल्या वर्षांसाठी. स्वातंत्र्य हे ओझं आहे, ते उचलायला शिकावं लागतं, हे ती त्या वाळूवर शिकते.

मावशीला या सुरीचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने तिला असाच राग येत होता म्हणे. कुणावर, ते कळत नव्हतं.

बळ कशाला म्हणायचं?

'खंबीर नायिका' हा शब्द आता जाहिरातीत सुद्धा येतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ, पुरुष नायकाच्या हातातली तलवार काढून बाईच्या हातात दिली, एवढाच असतो. तशा कथाही रंजक असतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण बळ मोजायचं तर मी तीन प्रश्न विचारते. कथेतले महत्त्वाचे निर्णय ती घेते का? त्या निर्णयांची किंमत तिला मोजावी लागते का? आणि तिला चुका करायची, वाईट वागायची मुभा लेखकाने दिली आहे का? नायिकेला देवी केलं की तिसरा प्रश्न बाद होतो, आणि देवी करणं हेच तर अटुआनमध्ये चाललं होतं!

टेनारकडे तलवार नाही, मंत्र नाही. तिच्याकडे अंधारात वाट मोजण्याची सवय आहे आणि एका माणसाला पाणी देण्याचा निर्णय आहे. तेवढ्यावर कादंबरी उभी राहते. त्या काळात हे नवं होतं. टोलकीन यांची गाजलेली 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ सालची. त्यात लक्षात राहणाऱ्या स्त्रिया एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. ल ग्विन यांच्या स्वतःच्या पहिल्या पुस्तकातही रोकच्या शाळेत फक्त मुलगे शिकतात आणि बायकांच्या जादूला कुणी किंमत देत नाही. दुसऱ्याच पुस्तकात त्यांनी गोष्ट मुलीच्या डोळ्यांनी सांगितली. गेड तर निम्मं पुस्तक झाल्याशिवाय नीट येतच नाही. अमेरिकेत बालसाहित्यासाठी दिल्या जाणाऱ्या न्यूबेरी सन्मानासाठी १९७२ साली या पुस्तकाची निवड झाली.

आणखी एक गोष्ट आपल्याला सांगण्यासारखी. गेड आणि द्वीपसमूहातले बहुतेक लोक तांबूस-काळसर वर्णाचे आहेत. गोरी आहे ती टेनार आणि तिचे लोक, आणि तेच तिथे मागासलेले, लढवय्ये. हे लेखिकेने ठरवून केलं होतं. २००४ साली अमेरिकेत यावर दूरचित्रवाणी मालिका निघाली तेव्हा गेडला गोरा करून टाकलं, तेव्हा ल ग्विन यांनी लेख लिहून जाहीर निषेध केला.

पुढे तिचं काय झालं?

गोष्ट संपली. टेनार त्या कड्यासह हावनर नावाच्या मोठ्या शहरात पोहोचली. मी पुस्तक मिटलं, तर मावशीचा प्रश्न तयार : "पुढे तिचं काय झालं? लग्नबिग्न?"

गंमत अशी, की हा प्रश्न लेखिकेलाही सुटला नव्हता. टीकाकारही म्हणत होते, की शेवटी बाहेर काढायला पुरुष यावाच लागला ना? आणि बाहेर आणून तिला कुठे ठेवलं? तिसरं पुस्तक १९७२ साली आलं, त्यात टेनार नव्हतीच. मग तब्बल अठरा वर्षांनी, १९९० साली, 'तेहानू' हे चौथं पुस्तक आलं. आणि त्यात टेनार काय करते आहे? गॉन्ट बेटावर शेतकऱ्याची विधवा म्हणून राहते आहे! दोन मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली. ना ती जादूगारीण, ना राणी. तिने शिकण्याची संधी सोडली, संसार केला. गावात तिला गोहा म्हणतात. गोहा म्हणजे जाळं विणणारा एक लहानसा पांढरा कोळी.

"म्हणजे हिचंही नाव बदललंच," मावशी म्हणाली. "हिलाही स्टॅम्प पेपर लागला असता."

बदललं, पण एक फरक आहे. टेनार हे नाव आता तिच्यापाशी आहे; कुणी खाल्लेलं नाही. गोहा हे वापरायचं नाव. त्या पुस्तकात ती भाजलेल्या, मरायला टाकलेल्या एका मुलीला पोटाशी धरते. गेड परत येतो तो जादू गमावून, रिकामा होऊन. आणि आता त्याला कसं जगायचं हे शिकावं लागतं, तेव्हा ते टेनारला आधीपासून येत असतं. तिचा स्वतःचा मुलगा घरी परततो तो शेताचा मालक म्हणून; आईने वाढावं आणि उष्टं काढावं, हे तो गृहीतच धरतो. ड्रॅगन आहेत, पण स्वयंपाकघरही आहे. पहिल्या पुस्तकांच्या कित्येक चाहत्यांना हे रुचलं नाही. मला विचाराल तर आपणच उभ्या केलेल्या जगाला अठरा वर्षांनी परत जाऊन, इथे बायकांचं काय, असं विचारणं हे धाडस मोठंच. ल ग्विन २०१८ साली वारल्या, तोवर त्या हा प्रश्न विचारत राहिल्या.

कसं वाचावं?

शेवटी, ज्यांनी अशी पुस्तकं कधी वाचली नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. नावांना बिचकू नका. रशियन कादंबऱ्यांची नावं आपण पचवली, ही तर सोपी आहेत. पहिली वीसेक पानं लेखकाच्या बोटाला धरून चाला, सगळं कळायलाच हवं असा हट्ट नको. अमुक म्हणजे कशाचं प्रतीक, तमुक म्हणजे काय, हे शोधत बसू नका. आधी अंधाराला अंधारच राहू द्या. आणि जमलं तर कुणाला तरी सांगा. ही पुस्तकं मोठ्याने सांगितली की खुलतात. मी इंग्रजी पुस्तक मराठीत सांगताना कित्येक शब्दांना अडखळले, पण 'खाल्ली गेलेली' म्हटल्यावर मावशीच्या अंगावर काटा आला, तो मला वाचताना आला नव्हता.

पुस्तक भाचीला परत केलं. त्यानंतर एकदा मावशीकडे गेले होते. कुरियरवाला दारात आला आणि पावतीवर नाव लिहायला सांगितलं. मावशीने पेन घेतलं, क्षणभर थांबली आणि तिचं शाळेतलं नाव लिहिलं. कुरियरवाल्याने पाकिटावरचं नाव पाहिलं, पावती पाहिली.

"या कोण?" त्याने विचारलं.

"मीच," मावशी म्हणाली आणि दार लावून घेतलं.